हद्दीबाहेरचा ठिपका

आमच्या हळ्ळीखेड गावापासून समुद्र इतका लांब, की मला किनाऱ्यावरच्या रडार केंद्रात नोकरी लागली तेव्हा आईनं विचारलं होतं, "तितं प्यायला तरी पाणी हाय का?" मी पडद्यासमोर बसते. समुद्रावरची जहाजं, होड्या त्यावर ठिपके होऊन येतात. मोठ्या जहाजांवरची यंत्रं आपलं नाव आपणच कळवतात. नाव न कळवणारा ठिपका दिसला, की आमच्या कपाळाला आठी.

शेजारच्या पट्ट्यावर दुसऱ्या खात्याचं केंद्र आहे. त्यांचं रडार वेगळं, मनोऱ्यावरचा कॅमेरा वेगळा. एकाला दिसतं ते दुसऱ्यालाही दिसावं म्हणून दोन्ही केंद्रांचा सामाईक पडदा नुकताच सुरू झाला होता. पण त्यावर खात्रीचं तेवढंच टाकायचं, ही आमच्याकडची शिस्त. चुकीचं टाकलं तर शेजारी हसतील ना! मीही नाकावर माशी बसू न देणारी, मला ती शिस्त पटायची.

एका दुपारी असाच एक निनावी ठिपका हळूहळू, वाकडातिकडा सरकत आमच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. होडी असेल, नाहीतर लाटांचा भास. मी नोंदवहीत 'हद्दीबाहेर' असं लिहिलं आणि चहा हातात घेतला. सुटले एकदाची, असं वाटलं. त्या वाटण्यावरूनच मला अक्का आठवली.

अक्का म्हणजे आमच्या रानाला लागून रान असलेली कानडी शेजारीण. कॉलेजच्या सुट्टीत मी ज्वारी राखायला जायची. एकदा गोफण फिरवून पाखरांचा थवाच्या थवा उठवला आणि स्वतःवरच खूश होऊन बसले. थवा उतरला अक्काच्या कणसांवर. ती पाठमोरी बसून जेवत होती. तिला कळेपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. ती बांधावर आली तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते.

"पाखरं हाकललीस, ब्येस केलीस," ती म्हणाली. "पर वरडून हाळी कामून दिली न्हाईस? तुझ्या रानातनं गेली म्हंजी मेली व्हय ती?"

"तुमच्याकडंच उतरतील हे मला काय ठाव?"

"ठाव नसलं तरी हाळी द्यायची गं. न्हाई आली तर माझी मान तेवढी वळंल."

चहा तसाच ठेवून मी शेजारच्या केंद्राला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याचा फक्त आवाज माझ्या ओळखीचा होता. "खात्री नाही साहेब, पण तुमच्या बाजूला काहीतरी आलंय," असं म्हणून ठिपक्याचा माग होता तसा, कच्चाच, सामाईक पडद्यावर टाकला. तो हसला नाही. कॅमेरा वळवतो म्हणाला.

पुढचा वेळ जीव टांगणीला लागला. मग त्याचा फोन आला. इंजिन बंद पडलेली मासेमारीची होडी होती, पाच माणसं होती, आणि ती वाहत वाहत मोठ्या जहाजांच्या वाटेवर चालली होती. त्यांच्या गस्ती बोटीनं संध्याकाळच्या आत पाचही जणांना किनाऱ्याला आणलं. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सुट्टीत गावी गेल्यावर अक्काला सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटेल. कसलं काय!

"हाळी तू दिलीस. मान कोण वळवलं?"

"तिथले साहेब."

"मग त्यास्नी काय दिलीस?"

काहीच नव्हतं दिलं. साधे आभारसुद्धा राहून गेले होते. तिनं कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवली. या बाईचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

परतल्यावर गाठोडं घेऊन शेजारच्या केंद्रात गेले. त्या आवाजाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चष्मेवाला, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. अक्काची सगळी गोष्ट त्यानं ऐकून घेतली आणि गाठोड्याची गाठ सोडली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुमचा फोन यायच्या आधी तो ठिपका आमच्याही पडद्याच्या कडेला चमकून गेला होता. मी वहीत लिहायला घेतलं होतं, 'अजून हद्दीत नाही'."

त्यानं एक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली.