थोरल्या भुताचं हसू

गल्लीचं इस्त्रीवाल्या आजोबांकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्यांचं तोंड वाकडं झाल्यावर. तोवर ते म्हणजे कडक कॉलर, एवढीच ओळख. अर्धांगाच्या झटक्याने त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ओघळली: डोळा, गाल, ओठाचा कोपरा. हात तेवढे वाचले, त्यामुळे धंदा चालू राहिला. पण चार वर्षांची नात, चिमणी, त्यांच्या मांडीवर बसेनाशी झाली. ते दिसले की आईच्या मागे दडायची.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रिकाम्या बंगल्यात भुताटकीच्या एका विनोदी सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. भुतांचे अंगरखे इस्त्रीला आजोबांकडेच यायचे. ते पोचवायला गेले, तर मेकअपवाला बघतच राहिला.

"काका, हे तोंड करायला माझी अख्खी सकाळ गेली असती हो."

दिग्दर्शकाने उभ्याउभ्या त्यांना थोरलं भूत करून टाकलं.

"मामंजी, लोक हसतील तुम्हाला," सून म्हणाली.

"हसू देत. सगळे हसले की चिमणीही हसेल. एकदा हसली की भीती गेलीच म्हणून समज."

शेवटच्या दृश्यात भूत घरातल्या मुलीला तिची बाहुली परत देतं. "तिथे मी हसलो तर चालेल?" आजोबांनी चाचरत विचारलं.

"चालेल काय, हसाच. अगदी मनापासून," दिग्दर्शक म्हणाला.

मग रोज आरशासमोर, डावा गाल बोटाने वर धरून, आजोबांची तालीम चाले. कॅमेऱ्यासमोर मात्र बोट लावता येईना.

सिनेमा लागला, तेव्हा थिएटरात चिमणी आईच्या मांडीवर होती, आजोबा शेजारच्या खुर्चीत. थोरलं भूत जिन्यावरून गडगडलं, बादलीत पाय अडकवून नाचलं, तशी ती खिदळायला लागली. आजोबांनी अंधारात हळूच बोट पुढे केलं. तिने ते धरलं.

आणि ते दृश्य आलं. संगीत थांबलं. पडदाभर आजोबांचा चेहरा. अर्धा हसला, अर्धा लोंबत राहिला. सारं थिएटर किंचाळलं, मग स्वतःच्याच घाबरण्यावर हसत टाळ्या पिटू लागलं. चिमणीने वळून पाहिलं. शेजारी आजोबा तिच्याकडे बघून तसंच हसत होते.

तिने बोट सोडलं. तिला उचलून बाहेर न्यावं लागलं, फ्रॉक ओला झाला होता.

"बाबा, हसायची काय गरज होती?" मुलगा म्हणाला.

दुकानातलं इस्त्रीचं टेबल आता भिंतीला लावलंय. आजोबा भिंतीकडे तोंड करून इस्त्री करतात आणि चिमणी त्यांच्या पाठीमागच्या स्टुलावर बसून पाढे म्हणते. चुकली, तर आजोबा मान न वळवता सांगतात.