टकमक टोकावरची छत्री

महाडहून येणाऱ्या पाहुण्यांना मी रायगड दाखवायचो. टकमक टोकावर एक गोष्ट ठरलेली असे. महाराजांवर छत्री धरणारा सेवक वाऱ्याने उडाला, पण दांडी सोडली नाही म्हणून खालच्या गावात सुखरूप उतरला. लोक खूश व्हायचे.

एकदा कापडे गावचा एक गिरणीकामगार मुंबईहून सुट्टीवर आलेला, बायकोला घेऊन गड बघायला आला. गोष्ट ऐकून त्याने गंमत म्हणून आपली नवी छत्री कड्यापाशी उघडली. छत्री फुगली आणि वाऱ्याने त्याला दोन पावलं पुढे ओढलं. बायको मटकन खाली बसली. मी धावलो असतो तर तो दचकला असता.

"छत्री सोड," मी जागेवरूनच म्हणालो.

"सोडायची नाय, तुम्हीच बोललात ना."

मला त्याचा राग आला, त्याहून जास्त माझ्या तोंडाचा.

"खोटं हाय ते. कोणी उडाला नाय."

त्याने मूठ उघडली. छत्री तरंगत तरंगत थेट त्या खालच्या गावाकडे गेली.

गोष्ट मी पुढेही सांगत राहिलो. फक्त आधी सगळ्यांच्या छत्र्या मागून घ्यायचो.