पाहाचा पास
परवा मुलीसाठी पोहण्याच्या तलावाचा पास काढताना शिक्क्याच्या ओल्या शाईचा वास आला आणि कारंजा गावाजवळच्या जंगलातला डोह आठवला. नव्वद सालानंतर तिथे गर्दी फार वाढली, म्हणून नाक्यावर पास द्यायला सुरुवात झाली होती. थोरल्या भावाने आणि मी रणरणत्या उन्हात रांग लावून पास घेतले आणि डोहात थेट उड्याच टाकल्या. पाणी हाडापर्यंत गार होतं. मागोमाग नाक्यावरचा चौकीदार धावत आला आणि ओरडला, “पास पाहाचा हाये बे, पोहाचा नाई!” भाऊ खदखदून हसला. तो काठाशी येताच चौकीदाराने त्याच्या कानशिलावर बांबू हाणला. रक्त पाहून भावाचं डोकं सटकलं. बांबूसकट चौकीदाराला पाण्यात ओढून त्याने मानगूट धरली आणि तोंड खाली दाबून ठेवलं. मी भावाच्या दंडाला कडकडून चावलो, तेव्हा कुठे पकड सुटली. खडकाला चिकटून खोकत, रडत चौकीदार म्हणाला, “तुमी बुडाले तं काढू कसा? मले पोहता येत नाई ना बे!” म्हणूनच परवा मुलीचा पास हातात घेण्याआधी मी खिडकीतल्या माणसाला विचारलं, “दादा, तुमाले पोहता येते ना?”