एकतिसावं नाव

आपांच्या जाण्याची बातमी मला आपांच्याच नंबरवरून आली. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. अमरावतीला आमच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत होते. फोनवर ‘नसीम आपा अकोला’ अशी अक्षरं उमटली आणि बरं वाटलं, कारण महिनाभर त्यांचा आवाज ऐकला नव्हता. “बोला आपा,” मी म्हणाले. पलीकडून कुणी बोललं नाही, श्वास मात्र ऐकू येत होता. मी तब्येत विचारली, गोळ्या वेळेवर घेता ना म्हणून विचारलं, या रविवारी अकोल्याला येते असंही सांगून टाकलं... तेव्हा कुठे त्यांची मुलगी शबाना बोलली. “मावशी, अम्मी पहाटंच गेली.” तिला आधी शब्दच फुटत नव्हता. मी मात्र तेवढा वेळ आपांशीच बोलत होते, त्या ऐकताहेत अशा खात्रीनं.

नसीम आपांची आणि माझी ओळख सरकारी कामातली. ज्या मुलांना घर नाही किंवा ज्यांच्यावर काही गुन्ह्याची नोंद झाली आहे, अशी मुलं बालगृहांत, निरीक्षणगृहांत राहतात. त्यांच्या शिक्षणासाठी केंद्राचा निधी यायचा. पुस्तकं, शिकवणाऱ्या बाईंचं मानधन, एखादं शिवणयंत्र, शाळा सुटलेल्यांसाठी वेगळा वर्ग, असं सगळं त्यातून चालायचं. अकोला जिल्ह्याचं काम आपांकडे होतं आणि अमरावतीच्या विभागीय कार्यालयात मंजुरीचं टेबल माझ्याकडे. निधी मुलांच्या संख्येवर ठरायचा, म्हणून वर्षातून एक दिवस मोजणी व्हायची. बहुतेक जिल्ह्यांत संस्थेकडून यादी यायची, तिच्यावर शिक्का बसायचा आणि ती पुढे जायची. आपा मात्र एसटीनं प्रत्येक संस्थेत जायच्या, पोरांना समोर बसवून एकेक नाव स्वतः वाचायच्या. जुन्या शहरात त्यांच्या अब्बांचं चपलांचं दुकान होतं आणि तिथे वाढलेल्या या बाईला माणूस पायापासून डोक्यापर्यंत बघायची सवय होती. त्यांच्या फायली नेहमी उशिरा यायच्या. एकदा मी फोनवर जरा चढ्या आवाजात कारण विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, कागदावरचं पोरगं भुकं रायत नाई. म्हून मी आधी खरं पोरगं पायतो.” पुढे मॅडमची मी कुंदाताई झाले, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सात-आठ वर्षं झाली असतील. मोजणीच्या वेळी वरून कुणीतरी सोबत असावं असा नियम आला आणि मी आपांबरोबर मुलींच्या एका खासगी बालगृहात गेले. त्या संस्थेचं नाव लिहीत नाही. हमरस्त्यापासून आत, कपाशीच्या शेतांच्या मधोमध एकच लांबट इमारत होती. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं, तरी तो वर्ग गार होता. भिंतींना हिरवा रंग, खाली सतरंजी, आणि ओळीत बसलेल्या मुली. एवढ्या मुली एका खोलीत असून आवाज असा नव्हताच. आपांनी यादी काढली. एकतीस नावं. एकेक नाव घेतलं की “हजर” येत होतं. एकतीस नावं झाली, एकतीस वेळा हजर झालं. मग आपांनी चष्मा काढून डोकी मोजली. ती तीस भरली.

आपल्या मोजण्यातच चूक असणार असं मला वाटलं. आपा म्हणाल्या, मी पुन्हा वाचते, तुम्ही मोजा. या वेळी मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि प्रत्येक आवाजासरशी ते तोंड शोधून बोट दुमडत गेले. अठरावं की एकोणिसावं नाव असेल. तिला इथे दुर्गा म्हणू, अशा मुलींचं खरं नाव छापायचं नसतं. आपांनी “दुर्गा” म्हटलं आणि शेवटच्या ओळीतून, खिडकीच्या बाजूनं, “हजर” आलं. बारीक, जरा घोगरा आवाज. मी तिकडे पाहिलं. तिथे दोन मुली बसल्या होत्या आणि दोघींच्या मध्ये एक मुलगी मावेल एवढी सतरंजी रिकामी होती. दोघींची तोंडं मिटलेली होती, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. माझं बोट तसंच राहिलं... आपांनी त्या नावापुढे टिंब दिलं आणि पुढचं नाव घेतलं.

अधीक्षिका बाई म्हणाल्या, दुर्गा मावशीकडे लग्नाला गेली आहे, चार दिवसांत येईल. बाहेर पाठवण्याचा बालकल्याण समितीचा आदेश आपांनी मागितला. तो नव्हता. मग आपांनी मुलींच्या वह्या मागवल्या. दुर्गाची वहीसुद्धा आली. त्यात आदल्या दिवसाची तारीख होती, गणितं सोडवलेली होती, शुद्धलेखन होतं. मागे चार-पाच महिने उलटत गेलो तरी एकही दिवस गाळलेला नव्हता. अक्षर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखं, उजवीकडे झुकणारं. अधीक्षिका बाईंच्या चेहऱ्यावर त्या वहीनं उमटलेली भीती मी पाहिली, आणि या वहीतलं काही त्यांना ठाऊक नाही एवढं माझ्या लक्षात आलं.

परत येताना जीपमध्ये मी आपांना समजावत होते. तीस मुली डोळ्यांनी पाहिल्या आहेत, तीस लिहा, एक नाव कापा, निधी सुटू दे. चौकशी काय व्हायची ती मागाहून होईल. आपा बाहेरची कपाशी बघत होत्या. मग म्हणाल्या, “कुंदाताई, नाव कापाले एक रेघ पुरते. पण मंग तिले शोधीन कोन? आज ते कागदावर तरी हाये.” मला एक गोष्ट त्या क्षणी आठवली होती आणि ती मी बोलले नाही. मोजणी वर्षातून एकदाच असली तरी मधल्या सहामाहीचा हप्ता संस्थेच्याच यादीवर सुटायचा, आणि आधीच्या सहामाहीची एकतीस नावांची यादी माझ्या सहीनं गेली होती. मी ती टेबलावर बसून, डबा खाता खाता मंजूर केली होती.

आपांनी ना एकतीसवर सही केली ना तीसवर. समितीला लिहिलं, पोलिसांत तक्रार दिली, आणि नियमाप्रमाणे त्या संस्थेचा निधी थांबला. शिक्षा झाली ती मुलींना. मानधन थांबलं म्हणून शिकवणाऱ्या बाई यायच्या बंद झाल्या, जूनमध्ये पुस्तकं आली नाहीत. एका मुलीनं आपांना तोंडावर सांगितलं की तुमच्यापायी आमची बाई गेली. आपांनी ते ऐकून घेतलं आणि त्या आठवड्यापासून दर रविवारी डबा घेऊन स्वतः शिकवायला जायला लागल्या. फाट्यावर उतरून दीड-दोन किलोमीटर चालत. तोवर गुडघे दुखायला लागले होते, तरी कुणाची गाडी मागितली नाही. मी एकदाही गेले नाही. मला तो वर्ग नको होता.

पाचव्या की सहाव्या रविवारी शेवटच्या ओळीतल्या त्या दोघी आपांजवळ बोलल्या. दुर्गाला अधीक्षिका बाईंचे एक नातेवाईक गाडीतून घेऊन गेले होते. घरकामाला, अचलपूरकडे. कुणाला सांगितलं तर तुम्हालाही पाठवीन असा बाईंनी दम दिला होता. म्हणून मुलींनी आपल्या परीनं एक केलं, पाळीपाळीनं तिची वही लिहीत राहिल्या, तिचं अक्षर गिरवून गिरवून. वही चालू आहे तोवर तिचं नाव कुणी काढणार नाही, असं त्यांना वाटत होतं. तिकडे बाईंनाही नाव ठेवायचंच होतं, निधीसाठी. एकाच नावाला दोन्हीकडून धरून ठेवलेलं होतं.

त्यानंतर महिनाभरात दुर्गा सापडली. अचलपूरला एका बंगल्यात. महिला पोलिसांबरोबर आपा गेल्या होत्या. पोरगी वाळली होती, हात साबणानं सोलले होते, पण जिवंत होती. अधीक्षिका बाईंना काढलं, संस्थेवर दुसरी माणसं आली, पुढच्या वर्षी निधी सुरू झाला. दुर्गाचा जबाब झाला तेव्हा आपांबरोबर मीही हजर होते. तिथे दिवस कसा जायचा, असं विचारल्यावर भांडी, लादी, कपडे सांगून झालं आणि मग ती म्हणाली, “अकरा वाजले का मी माहं नाव घेऊन हजर म्हनो. हळूच. तिकडं अकराले हजेरी रायते ना.” आवाज बारीक, जरा घोगरा. मी आपांकडे पाहिलं. आपा माझ्याकडे बघत नव्हत्या.

मला राहवेना. काही दिवसांनी मी एकटीच त्या बालगृहात गेले आणि खिडकीजवळच्या त्या दोघींना बाहेर व्हरांड्यात घेतलं. रागवणार नाही असं आधी कबूल केलं. वही तुम्ही लिहायच्या हे मला समजलं, पण हजेरीला तिच्या नावाचा आवाज कोण काढायचं? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. मग एक म्हणाली, “वही आमी लिवत होतो. आवाज आमी कायले काढू? दुर्गा तं रोजच हजर म्हने.”

मी हे आपांना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या, बोटं थांबली नाहीत. “तुमी आयकलं ना?” “ऐकलं.” “मीबी आयकलं. मंग झालं,” त्या म्हणाल्या. पुढे कित्येक वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नाही. माझ्या सहीबद्दलही त्या कधी बोलल्या नाहीत. ती यादी त्यांच्या फाईलमध्ये होती, हे मला निवृत्त होताना कळलं... त्यांनी ती चौकशीत कुठेही पुढे केली नव्हती.

आपांच्या चाळीसाव्या दिवशी मी अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात शिरताना दुपार झाली होती. घरात बायका बसल्या होत्या, स्वयंपाकघरात एक तरुण बाई भराभर पोळ्या लाटत होती. शबानानं ओळख करून दिली, ही दुर्गा. आता जठारपेठेत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. मी काही बोलायच्या आत तिनं हात धुऊन मला पाणी दिलं आणि शेजारी बसली. शबाना आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती. अम्मी खोलीतून निघताना नेहमी दार ओढून त्याच्या मागे बघायची. कुठेही गेली तरी, पाहुण्यांच्या घरीसुद्धा. आम्ही हसायचो. दवाखान्यात उठता येईना, तर मला म्हणायची, दारामागं पाह्य व बेटा, कोनी राह्यलं तं नाई? मी बघायचे आणि कुणी नाही म्हणून सांगायचे, मग झोपायची.

दुर्गा खाली बघत म्हणाली, “दारामागं राह्यली थे मीच होती.” आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो. मग तिनं सांगितलं. पोलीस बंगल्यात आले तेव्हा तिला स्वयंपाकघराच्या दारामागे उभं केलं होतं, तोंडातून शब्द काढला तर बघ म्हणून. पोलिसांनी सगळं घर पाहिलं, घरच्यांनी इथे कुणी पोरगी नाही असं सांगितलं, सगळे बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचा आवाजही तिनं ऐकला. “मंग आपा एकट्याच वापस आल्या. कोनी बलावलं नाई. सरळ आल्या अन् दार वढलं.”

मी अमरावतीला परतले त्याला आता तीन आठवडे होतील. घरात मी एकटीच असते, बाजारात जाताना कुलूप लावून निघते. पायरी उतरते आणि परत वर जाते. कुलूप काढते, आत जाऊन स्वयंपाकघराचं दार ओढून मागे बघते. तिथे केरसुणी असते आणि भिंतीवर ओलीचा डाग. तरी मी थोडा वेळ तिथेच थांबते... आणि कुणी नाही एवढं मोठ्यानं सांगून मगच निघते.