रस्त्याकडे तोंड

आमच्या शेजारचे भाऊजी परमुलखात, जिथे लढाई चालू आहे तिथे, जखमींची मलमपट्टी करतात. पगार नाही, काही नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढे धामणगाव बढेला येतात. काठी ते हातात धरत नाहीत. रानडुकरं हाकलायला गाव काठ्या घेऊन निघालं, की हे मागून ताट वाजवत जातात. बोलता बोलता मध्येच थांबतात, आभाळाकडे कान लावतात आणि उरलेलं वाक्य हळूच पुरं करतात.

परवा माझ्या नातवाचं बारसं होतं. दारात बायांच्या चपलांचा हा ढीग! पाहते तर भाऊजी उकिडवे बसून एकेक जोड जुळवत होते, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. मला जरा रागच आला.

"हे काऊन जी, भाऊजी?"

"तिकडं बॉम पडला का मानसं अनवानीच पयतात, वयनी. काचांवरून."

"अन् इथं काय पडून राह्यलं?"

ते थांबले. त्यांनी आभाळाकडे कान लावला. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि आत बाया पाळणा म्हणत होत्या.

"काहीच नाई," ते हसून म्हणाले, पण हात चालूच होते.

काल ते परत गेले. जाताना पायांत बूट चढवले आणि घराची किल्ली, जुन्या चपला आमच्या ओसरीत ठेवल्या. चपलांची तोंडं अर्थातच रस्त्याकडे.

सकाळी झाडताना मी त्या उचलल्या आणि घराकडे तोंड करून ठेवल्या.