अकरा बायांचा कागद

मीटरवाल्याला सगळं गाव ओळखायचं. पस्तीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले त्याने. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचं कुत्रं चावरं, सगळं तोंडपाठ. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा गावाच्या जुन्या गोष्टी गोळा करत सुटला. बायको म्हणायची, "आता काय, मेलेल्यांचे मीटर वाचताय?"

दवाखान्याला शंभर वर्षं होणार होती. चेअरमन स्वतः घरी आले. म्हणाले, "थोरल्या डॉक्टरांवर पुस्तक काढायचंय. तुम्ही लिहा. वर तुमच्या आईंचा फोटो छापू."

थोरले डॉक्टर म्हणजे गावाचा देव. अडलेल्या बाईचं पोट कापून मूल काढायची नवी रीत त्यांनी काढली. पहिल्या सतरा बाया, सतराही खडखडीत बऱ्या, असं ते स्वतः लिहून गेलेले. अठरावी मीटरवाल्याची आई, आणि पोटात हाच.

याने दवाखान्याचं जुनं रजिस्टर काढलं. सतरा नावांपुढे एकच शेरा, 'घरी गेली'. याला तर घरं माहीत! गेला दारं वाजवत. कुठे पुतण्या भेटला, कुठे म्हातारी नणंद. आणि काय निघालं, सांगू? बाई तापाने फणफणलेली, टाके उसवलेले, नवऱ्याला सांगायचे, घेऊन जा. फाटकाबाहेर पडली की यांच्या हिशेबी बरी झाली! सतरातल्या अकरा जणी आठ दिवसांत मेल्या. खोटारडे मेले. आज सांगतानाही माझं डोकं भणभणतं बघ.

त्याने अकरा जणींची नावं एका पानावर लिहिली. चेअरमननी ते पान लाल पेनाने उभं कापलं.

"अहो, त्यांच्याच हातून जन्मलात तुम्ही!"

"म्हणूनच लिहितोय. अकरा जणींवर हात बसला, तेव्हा कुठे मी जन्मलो."

"शंभर वर्षांच्या कार्यक्रमात हे अभद्र कशाला?"

घरी आई वाटच बघत बसलेली. ब्याऐंशी वर्षांची, पण जीभ अशी की चाकू फिका पडेल. चेअरमननी आधीच फोन करून कान भरलेले.

"लाज नाही वाटत? ज्याने तुझ्या आईला वाचवलं त्याच्यावर चिखल उडवतोस? त्या बाया नशिबाने मेल्या असतील."

तो कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी भडकला. रजिस्टरची नक्कल आपटली तिच्यापुढे. "नशिबाने? ही सतरावी बघ. तुझ्या आदल्या आठवड्यातली. घरी नेली, तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या दिराने सांगितलं मला."

म्हातारीने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "उंच होती का रे? गालावर चामखीळ?"

"हो. दीर तसंच सांगत होता."

"माझ्या शेजारच्या खाटेवर होती. माझी वेणी घालायची. म्हणाली होती, तुझं बाळ बघायला येईन. सकाळी उठले तर खाट रिकामी. नर्स म्हणाली, बरी होऊन गेली." म्हातारीने त्या नकलेवर मूठ आपटली. "आली नाही, निरोप नाही. बासष्ट वर्षं मी तिला शिव्या घातल्या रे. मतलबी, माणूसघाणी, काय काय म्हटलं. मेलेल्या बाईवर रुसायला लावलं मला या लोकांनी!"

तिने चेअरमनला फोन लावायला लावला. "ते पान छापणार? नाही? मग माझा फोटोही पुस्तकातून काढून टाक."

पुस्तक निघालंच. पान नाही, फोटो नाही, मीटरवाल्याचं नावही नाही. डॉक्टर मात्र पानोपानी हसतायत.

कार्यक्रमाच्या दिवशी मीटरवाल्याने त्या पानाच्या तीनशे झेरॉक्स काढल्या. म्हातारी म्हणाली, "खुर्ची घे माझी." दोघं दवाखान्याच्या फाटकाशी. येईल त्याच्या हातात कागद. काही जणांनी वाचला, काहींनी तिच्यादेखत चुरगाळला. चुरगाळणाऱ्याला ती दुसरा द्यायची.

वॉचमन धावत आला. "आजी, उठा. इथे वाटायला परवानगी लागते."

"परवानगी?" म्हातारी अशी कडाडली की आतलं भाषण थांबलं. "आमची पोटं कापताना कुणी घेतली होती?"

तिने वॉचमनच्याही हातात कागद कोंबला.

"वाचता येतं ना? मग वाच. मोठ्याने."

आणि त्याने पहिलं नाव वाचलं.