कानापुढची गाठ

ह्यांच्या कानापुढे गाठ आली, तेव्हा निदान करण्यात गावात कुणीच मागे राहिलं नाही. उभ्या जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या माणसाला लोक विचारायचे, "तंबाखू किती वर्षांची?" सर्जननीही स्कॅन पाहून कॅन्सरच धरला होता. जबड्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली.

मिरजेच्या लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी मात्र गाठीचा तुकडा तपासला आणि सर्जनना कळवलं, "थांबा. मला अजून कळलेलं नाही." त्यांनी पुन्हा काचपट्ट्या करून घेतल्या, वेगळ्या प्रकाशात पाहिल्या. एवढं शिकलेलं माणूस 'कळलेलं नाही' म्हणतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आम्हाला बाकीच्यांना तर सगळं लगेच कळतं.

आम्ही रिपोर्ट आणायला गेलो, तर बाई स्वतःच्या स्टुलावरून उठल्या. मायक्रोस्कोपची काच मऊ फडक्याने पुसत ह्यांना म्हणाल्या, "बसा काका. तुमचंच आहे, तुम्हीच बघा."

ह्यांनी डोळा लावला. "खडीसाखर दिसतेय की हो!"

"कॅल्शियमचे स्फटिक आहेत. सहसा गुडघ्यात साचतात, तुमच्या कानापुढे जबड्याच्या सांध्यात साचले. त्रास देतील, पण कॅन्सर नाही."

मग मी बसले. मला काहीच दिसेना. दिसत होत्या त्या माझ्याच ओल्या पापण्या. बाहेर माणसं खोळंबली होती, म्हणून मी उठायला लागले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या, "दिसेल."